वाचकांचे प्रश्न: छोट्या विमानाचे पार्ट परवडणार कसे?

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे. विमान घेताना परवडलं, आता सांभाळताना जीव मेटाकुटीला येतोय. अमेरिकेत छोटं विमान बाळगणारी आपली मंडळी, कुणी एकट्याने घेतलंय, कुणी तीन-चार मित्रांनी वर्गणी काढून, आणि बहुतेकांचं विमान त्यांच्यापेक्षा वयाने मोठं. म्हणून आज फक्त पार्टांचे प्रश्न घेतलेत. खाली लिहिलंय ते एन नंबरच्या, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर असलेल्या सर्टिफाइड (सरकारने डिझाइन मंजूर केलेल्या, कारखान्यात बनलेल्या) विमानांबद्दल आहे, शेवटचा प्रश्न तेवढा बारामतीचा.

प्रश्न: नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी डॅलसजवळ १९७५ चं सेसना १७२ एम घेतलं. पहिल्याच ॲन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, मेकॅनिकने यादी हातात ठेवली. पायलटच्या सीटचे रेल, ब्रेक लायनिंग, पुढच्या चाकाचा शिमी डॅम्पर, बेअरिंग, शिवाय किरकोळ नट-बोल्ट. डीलरकडून कोटेशन मागवलं तर तिघांचेही चेहरे उतरले. हेच स्वस्तात मिळायची काही सोय आहे का, की विमान म्हटलं की हे असंच?
– तीन भागीदार, डॅलस

उत्तर: सोय आहे, आणि तुमच्या विमानाला तर इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. १७२ हे १९५६ पासून विकलं जातंय, आजवर ४४,००० च्या वर बनलीत, एवढ्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही, त्यामुळे त्याचे पार्ट बनवणारे, जुने विकणारे, दुरुस्त करून देणारे सगळेच जास्त. मग डीलरचं कोटेशन एवढं का फुगतं? सेसनाने १९८६ मधे एका इंजिनाची पिस्टन विमानं बनवणंच बंद केलं होतं, कोर्टकचेऱ्या आणि विम्याचा खर्च हे त्यामागचं मोठं कारण. १९९४ मधे कायदा आला की विमान १८ वर्षांपेक्षा जुनं झालं की साधारणपणे बनवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, मग कुठे १९९६ मधे कॅन्ससमधे परत कारखाना सुरू झाला. पण नवीन विमानं सुरू झाली म्हणजे तुमच्या १९७५ च्या मॉडेलचे पार्ट धडाधड निघायला लागले असं नाही. ते मागणी बघून थोडे थोडे बनतात, वर प्रत्येक नगामागे कागदपत्रं, जबाबदारीचा खर्च आणि डीलरचं कमिशन, हे सगळं शेवटी तुमच्याच बिलात येतं.

आता मुख्य गोष्ट. सेसनाच्या नावाच्या पाकिटातला प्रत्येक पार्ट सेसनाने बनवलेला नसतो. चाकं आणि ब्रेक क्लीव्हलंड नाहीतर मॅकॉलीचे, बेअरिंग टिमकेनचं, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारे) स्लिक नाहीतर बेंडिक्सचे, इंजिन लायकमिंगचं. म्हणून दुकान शोधायच्या आधी पार्टचा खरा बाप कोण ते शोधा. त्यासाठी तुमच्या मॉडेलचा इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉग मिळवा, त्यात चित्रासकट प्रत्येक वस्तूचा नंबर असतो, आणि नंबरापुढे कुठल्या सिरियलपासून कुठल्या सिरियलपर्यंतच्या विमानाला तो लागतो तेही असतं, हा कॉलम वाचायचा लोक विसरतात आणि मग ७४ च्या विमानाचा पार्ट ७५ च्या विमानाला बसत नाही म्हणून बोंब मारतात.

ब्रेकपासून सुरुवात करू कारण ते सगळ्यात सोपं. चाकापाशी खाली वाका, ब्रेकवरची पाटी पुसून घ्या आणि क्लीव्हलंड आहे की मॅकॉली ते वाचा, कारण १७२ वर दोन्ही सापडतात आणि मधल्या काळात कुणीतरी बदललेलेही असू शकतात. क्लीव्हलंड असेल तर बऱ्याच १७२ ना ६६-१०५ नंबरचं लायनिंग लागतं. त्याच जागी बसणारं रॅपको कंपनीचं लायनिंग मिळतं आणि ते पीएमए आहे. पीएमए म्हणजे मूळ कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीने बनवलेला पण एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) डिझाइन आणि उत्पादन दोन्ही तपासून मंजूर केलेला पार्ट. हा डुप्लिकेट माल नव्हे हे डोक्यात पक्कं बसवा, कारण आपल्याकडे 'ओरिजिनल' सोडून बाकी सगळं नकली अशी एक सवय असते. पार्टवर किंवा पाकिटावर एफएए-पीएमए छापलेलं असतं आणि सोबत कुठल्या मॉडेलला चालतो त्याचा उल्लेख असतो, आपलं मॉडेल त्यात आहे ना तेवढं बघायचं. स्पार्क प्लग टेम्पेस्टचे, कंट्रोल केबल आणि सीटचे भाग मॅकफार्लेनचे, असे पीएमए पर्याय बहुतेक नेहमी लागणाऱ्या गोष्टींना आहेत. लायनिंग रिव्हेटने बसवतात, त्याचं हातातलं छोटं टूल मिळतं, आणि नवीन लायनिंग बसवल्यावर टॅक्सी करताना ठरल्याप्रमाणे ब्रेक दाबून ते तापवून घ्यावं लागतं, ते केलं नाही तर नवीन ब्रेकसुद्धा धरत नाहीत आणि मग माणूस स्वस्त पार्टला शिव्या घालतो.

बेअरिंगवर टिमकेनचा स्वतःचा नंबर कोरलेला असतो. त्याच नंबरचं बेअरिंग ट्रकच्या दुकानातही दिसेल. ते विमानाला चालतं का यावर मेकॅनिक मंडळींचं एकमत नाही, तेव्हा सही ज्याची होणार त्यालाच विचारा. विमानाच्या दुकानातून घेतलं तरी सेसनाच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडायची शक्यता चांगली आहे. आणि खरंच बदलायची गरज आहे का तेही बघा, रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग असतील तर बदला, नुसतं ग्रीस काळं झालंय म्हणून बेअरिंग बदलायचं नसतं.

नट-बोल्टात तर लोक उगाच पैसे घालवतात. एएन, एमएस, एनएएस अशा अक्षरांनी सुरू होणारे नंबर हे स्टँडर्ड पार्ट, त्यांची मापं-मटेरियल सरकारी किंवा उद्योगाच्या स्पेसिफिकेशनमधे छापलेली आहेत, कुणीही त्याप्रमाणे बनवावं. एएन३-५ए घ्या. ३ म्हणजे ३/१६ इंच जाडी, ५ वरून लांबी कळते, आणि शेवटचा ए म्हणजे दांड्याला कॉटर पिनचं भोक नाही. एएन४ असेल तर पाव इंच. साध्या एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. हा बोल्ट एअरक्राफ्ट स्प्रूससारख्या ठिकाणी सुट्टा मिळतो, तोच बोल्ट मोठ्या ब्रँडच्या पाकिटातून घेतला तर कितीतरी जास्त मोजावे लागतात. पण म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला दिसायला तसाच बोल्ट उचलू नका, त्याचं स्टील वेगळं, ताकद वेगळी, आणि कंट्रोलच्या जोडणीत तो गेला तर काय होईल ते मी इथे लिहायची गरज नाही.

शिमी डॅम्परबद्दल तर मला शंकाच आहे की तो बदलायला हवा. तो तेल भरलेला छोटा सिलिंडर, बहुतेक वेळा बिघडतात त्या आतल्या ओ-रिंगा, तेल गळतं, हवा शिरते आणि उतरताना पुढचं चाक थरथरायला लागतं. ओ-रिंगा काही डॉलरच्या. मेकॅनिकला सांगा की आधी उघडून बघू, आतला सिलिंडर ओरखडलेला नसेल तर नवीन ओ-रिंगा आणि तेल, काम झालं. आणि अजून एक, थरथर डॅम्परमुळेच आहे असं धरून चालू नका. टॉर्क लिंकचे बुश झिजलेले असतात, टायर बॅलन्स नसतो, हवा कमी असते. डॅम्पर ही थरथर झाकतो, मूळ कारण तसंच राहतं आणि नवीन महागडा डॅम्परही काही महिन्यांत मरतो.

सीट रेल मात्र काटकसरीची जागा नाही. त्याच्यावर एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश आहे, जुना ८७-२०-०३, आता त्याच्या जागी २०११-१०-०९, दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी तपासणी. रेलला ओळीने भोकं असतात, सीटची पिन त्यात अडकते, वर्षानुवर्षं सीट मागे-पुढे करून गोल भोक लांबट होतं आणि पिनचं टोक झिजून गोल होतं. मग टेकऑफला नाक वर गेलं की सीट सटकन मागे, पायलटच्या हातात योक (विमानाचं स्टिअरिंग), तो आपसूक मागे ओढला जातो आणि विमान आणखी उभं होतं. यात माणसं गेली आहेत. पण इथेही पीएमए रेल, पिन आणि रोलर मिळतात, आणि खरा खर्च पार्टचा नसून मजुरीचा आहे, कारण रेल जमिनीला रिव्हेटने ठोकलेले असतात. जमीन उघडलीच आहे तर बाकीचे झिजलेले रेलसुद्धा त्याच वेळी बदलून घ्या, परत परत तीच मजुरी कशाला भरायची.

आणि हे सगळं ऑर्डर करायच्या आधी मेकॅनिकशी बोला. ग्राहकाने आणलेले पार्ट बऱ्याच जणांना नको असतात, पार्टवर त्यांना मिळणारं मार्जिन जातं हे एक, पण चुकीचा पार्ट आला तर विमान जॅकवर अडकून पडतं आणि त्यांचा हँगर अडतो हेही तितकंच खरं. मी तर म्हणेन मार्जिनचं सरळ विचारा, पार्ट आम्ही आणतो तुम्ही तासाचा दर थोडा वाढवा, बरेच मेकॅनिक याला तयार होतात. शिवाय पायलट लायसन्स असलेल्या मालकाला स्वतः करता येतील अशा कामांची यादी एफएएच्या नियमावलीतल्या 'पार्ट ४३' या भागाच्या अपेंडिक्स ए मधे आहे: तेल, टायर, बॅटरी, स्पार्क प्लग, चाकाचं बेअरिंग धुऊन ग्रीस करणं, लँडिंग लाइट. ती करा, लॉगबुकात लिहा, सही करा. तिघं आहात, एका शनिवारी बसलात तर होऊन जाईल.

प्रश्न: माझं पायपर चेरोकी १४० आहे. हँगरमधे दुसऱ्याच्या विमानाचा धक्का लागून उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) चेपलं. ऑनलाइन लिलावात एक जुनं एलेरॉन अगदी मस्त भावात मिळतंय, खाली लिहिलंय 'ॲज रिमूव्ह्ड', म्हणजे काढलं तसंच, कागद काही नाहीत. मेकॅनिक म्हणतो पिवळा टॅग नाही तर मी हात लावणार नाही. तो जास्तच करतोय का?
– एक वाचक, ओहायो

उत्तर: थोडं त्याचं, थोडं तुमचं बरोबर. पिवळा टॅग, म्हणजे रिपेअर स्टेशनने (एफएएची मान्यता असलेल्या वर्कशॉपने) तपासून दिलेला कागद, बहुतेक वेळा ८१३०-३ फॉर्म, तो प्रत्येक जुन्या पार्टला असलाच पाहिजे असं नियमात नाही. नियम एवढंच म्हणतो की पार्ट मंजूर डिझाइनप्रमाणे असावा आणि सुरक्षित अवस्थेत असावा, आणि ते ठरवायची जबाबदारी बसवणाऱ्याची. पण हेच तर त्याचं दुखणं आहे. टॅग नसेल तर सगळी जबाबदारी एकट्याच्या सहीवर येते, आणि तो पार्ट कुठून आला हे त्याला माहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा नाही म्हटलं असतं, निदान पुढची माहिती हातात येईपर्यंत.

ती माहिती तुम्ही मिळवा. विक्रेत्याला विचारा की हे कुठल्या विमानावरून काढलं, त्याचा एन नंबर काय. एन नंबर मिळाला की निम्मं काम झालं, एफएएच्या रजिस्ट्रीत फुकट बघता येतं आणि एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या नोंदीतही शोधता येतं. विमान गारपिटीत किंवा वादळात हँगर कोसळून गेलं असेल तर त्याचे बाकीचे पार्ट चांगले असू शकतात. आग लागलेल्या विमानाचं ॲल्युमिनियम मात्र कितीही गुळगुळीत दिसलं तरी घेऊ नका, उष्णतेने त्याचं टेंपर (मजबुती) जातं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पुराच्या खाऱ्या पाण्यात बुडालेलं असेल तरी तेच, गंज आतून येतो. विक्रेता एन नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपला, भाव कितीही मस्त असो.

माहिती नीट मिळाली तर मेकॅनिकला एकदा विचारा की एलेरॉन रिपेअर स्टेशनला पाठवून टॅग करून घेतलं तर बसवाल का. टॅगचा आणि पाठवायचा खर्च धरूनही नवीनपेक्षा स्वस्त पडू शकतं. सोपा मार्ग म्हणजे थेट सॅल्व्हेज यार्ड. मिसुरीतल्या बेट्स सिटीला व्हाइट इंडस्ट्रीज आहे, तुमच्या ओहायोतच किड्रनला प्रिफर्ड एअरपार्ट्स आहे, टेक्सास आणि कॅन्ससमधेही मोठी यार्ड आहेत, ही मंडळी विम्यातून बाद झालेली विमानं घेऊन सुट्टी करतात. फोन करा, ईमेल नको, फोनवर तो माणूस यार्डात जाऊन बघून सांगतो. फोटोत हिंजपाशी आणि मागच्या कडेला जवळून काढायला सांगा, चेरोकीचं पन्हाळीदार पत्र्याचं एलेरॉन तिथेच चिरतं. आणि रंगाचा हिशेब विसरू नका. तुमच्या विमानाच्या रंगात रंगवलं की वजन बदलतं, म्हणून बसवायच्या आधी एलेरॉनचा बॅलन्स मॅन्युअलप्रमाणे तपासावा लागतो, नाहीतर वेगात फडफड सुरू होऊ शकते. रंगाचे थरावर थर असतील तर जुना खरवडून काढायचा, वर मारायचा नाही.

एलेरॉनच्या निमित्ताने एक पुढचंही सांगून ठेवतो, कधी पूर्ण पंख घ्यायची वेळ आली तर २०२०-२६-१६ हा डायरेक्टिव्ह आधी वाचा. २०१८ मधे फ्लोरिडात डेटोना बीचला एका ट्रेनिंगच्या पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला, त्यानंतर पीए-२८ च्या, म्हणजे चेरोकी आणि ॲरोच्या घराण्यातल्या, बऱ्याच मॉडेलच्या स्पारची (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईची) एडी करंट तपासणी, म्हणजे न दिसणाऱ्या चिरा विजेने शोधायची तपासणी आली, आणि ती कुणाला लागू हे मॉडेल आणि तासांवरून ठरतं. म्हणजे ज्याच्या तासांचा हिशेब नाही असा पंख म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. आणि कागदाला एवढं महत्त्व का हे तुमच्या मेकॅनिकला विचारलंत तर तो बहुधा पार्टनेअर या नॉर्वेच्या विमान कंपनीचं नाव घेईल. १९८९ मधे ऑस्लोहून हॅम्बर्गला निघालेलं त्यांचं कॉन्व्हेअर डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले, आणि तपासात शेपटीच्या जोडणीत नकली बोल्ट सापडले.

स्वतः हाताळून बघायचं असेल तर जुलैच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या ओशकॉशला विमानवाल्यांच्या मोठ्या मेळाव्याला जा. तिथला फ्लाय मार्केट म्हणजे आपला पुण्याचा जुना बाजार, डबे उलटेपालटे करत दुपार कशी जाते कळत नाही. पण तिथे टूल घ्या, हेडसेट घ्या, कव्हरं घ्या. कंट्रोल सरफेस, म्हणजे एलेरॉनसारखे हलणारे भाग, नको.

प्रश्न: माझ्या सेसनाचा अल्टरनेटर गेला. मेकॅनिकने काढून दाखवला तर चक्क फोर्डच्या गाडीचा वाटतो, ऑटो पार्टच्या दुकानात हुबेहूब तसाच फारच कमी पैशात मिळतो. बसवला तर कुणाला कळणार आहे?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर: कळणार आहे तुमच्या विमा कंपनीला, आणि तेही नेमकं क्लेम करताना. तुमचा डोळा चुकलेला नाही, अनेक जुन्या सेसनांवरचे अल्टरनेटर फोर्डच्या घराण्यातलेच आहेत आणि चेरोकीवर क्रायसलरचे सापडतात. पण विमानावरच्या युनिटला विमानाचा पार्ट नंबर आणि मंजुरी आहे, दुकानातल्याला नाही. आत काय वेगळं आहे हे बाहेरून बघून सांगता येत नाही, आणि नियमाच्या दृष्टीने तर दिसणं हा मुद्दाच नाही.

स्वस्तात करायचं तर एक्सचेंज घ्या. ओव्हरहॉल केलेला अल्टरनेटर येतो, तुमचा जुना, त्याला कोर म्हणतात, तो परत पाठवायचा, आणि तो पोचेपर्यंत डिपॉझिट अडकून राहतं. कोर फुटका किंवा जळका असेल तर डिपॉझिट गेलंच समजा, म्हणून ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या. ओव्हरहॉल्ड हा शब्द कागदावर आहे ना तेही बघा, 'रिपेअर्ड' किंवा 'टेस्टेड' म्हणजे ओव्हरहॉल नव्हे, कुणीतरी एक ब्रश बदलून फिरवून बघितला असाही अर्थ होतो. पण त्याही आधी, खरंच अल्टरनेटर गेलाय का? बेल्ट, मागची ग्राउंडची वायर, फील्डची वायर, व्होल्टेज रेग्युलेटर, या चार गोष्टी बघून झाल्याशिवाय अल्टरनेटरला दोष द्यायचा नाही. कितीतरी चांगले अल्टरनेटर एका सैल कनेक्शनपायी बदलले जातात.

तुमच्यासारख्यांसाठी एफएएने व्हार्मा नावाचा एक रस्ता अलीकडे काढलाय. टाइप सर्टिफिकेट (मॉडेलच्या डिझाइनची मंजुरी) १९८० च्या आधीचं आणि वजन १२,५०० पौंडांच्या आत असलेली छोटी विमानं, आणि असा पार्ट जो बंद पडला तरी विमान सुखरूप उतरवता येतं, तर बाजारातला साधा पार्ट मंजूर करून घेता येतो. पण त्याला अर्ज आहे, डेटा द्यावा लागतो, दुकानातून आणला आणि बसवला असं नाही. एकट्यासाठी हा खटाटोप मला झेपणारा वाटत नाही, तुमच्या टाइप क्लबमधे (त्याच मॉडेलच्या मालकांच्या क्लबमधे) कुणी आधीच केलंय का ते विचारा.

प्रश्न: आमच्या जुन्या विमानाच्या दाराच्या आतलं प्लास्टिकचं कव्हर तुकडे तुकडे झालंय, कंपनी बनवत नाही, सॅल्व्हेजवाल्यांकडे आहेत तीही तशीच तडकलेली. माझ्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे. स्वतः बनवून लावलं तर चालतं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: चालतं, आणि हा नियम बऱ्याच मालकांना माहीतच नसतो. एफएएच्या नियमावलीतल्या 'पार्ट २१' या भागात, नियम २१.९ मधे मालकाने स्वतःच्या विमानासाठी बनवलेल्या पार्टला जागा दिलेली आहे, त्याला ओनर-प्रोड्यूस्ड पार्ट म्हणतात. मालकाने प्रत्यक्ष हाताने बनवायलाच पाहिजे असंही नाही. डिझाइन तुम्ही दिलं, किंवा मटेरियल तुम्ही दिलं, किंवा बनवायची पद्धत तुम्ही ठरवली, किंवा क्वालिटी तुम्ही तपासली, किंवा समोर उभं राहून देखरेख केली, यातलं एक जरी खरोखर केलं तर मालकाचा सहभाग मानला जातो. म्हणून एखाद्या मशीन शॉपकडून बुश बनवून घेतलं तरी चालतं, नुसतं फोनवर ऑर्डर दिली तर नाही.

अटी दोन. एक म्हणजे पार्ट मूळ डिझाइनशी जुळला पाहिजे, म्हणजे माप, मटेरियल, जाडी, सगळं, आणि ते तुम्ही दाखवू शकलं पाहिजे. जुना तुकडा जपून ठेवा, मापं लिहा, फोटो काढा. दुसरी म्हणजे तो तुमच्याच विमानासाठी. शेजारच्या हँगरवाल्याला आवडला म्हणून त्याला एक छापून विकला की तुम्ही बिनपरवाना पार्ट बनवणारे झालात. लॉगबुकात तुमची नोंद आणि बसवणाऱ्या मेकॅनिकची त्याची वेगळी.

प्रिंटिंगचं म्हणाल तर पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक अजिबात नको. ६० डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं आणि उन्हात उभ्या विमानाच्या केबिनमधे तेवढं तापायला वेळ लागत नाही, कव्हर दारावरून लोंबायला लागेल. शिवाय केबिनमधल्या मटेरियलला आगीचा नियम आहे, भडकणारं चालत नाही, म्हणून ज्या फिलामेंटसोबत जळण्याच्या चाचणीचा कागद मिळतो तेच घ्या. अल्टेम हे उष्णता सोसणारं प्लास्टिक चालतं पण घरगुती प्रिंटरवर ते निघणं कठीण. मला विचाराल तर प्रिंटरने साचा करा आणि त्यावर फायबरग्लासचं कव्हर काढा, रेझिन मात्र आगरोधक घ्या, दिसेलही बरं आणि टिकेलही. त्याआधी ओक्लाहोमातल्या प्लेन प्लास्टिक्सच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते बघा, असेल तर एवढा उपद्व्याप करायची गरज नाही. आणि हे सगळं आतल्या कव्हरांपुरतं, इंजिन माउंट किंवा कंट्रोलच्या ब्रॅकेटवर प्रिंटरचे प्रयोग करू नका.

प्रश्न: अजून विमान घेतलेलं नाही. पार्टांच्या दृष्टीने कुठलं घ्यावं?
– एक वाचक, ॲटलांटा

उत्तर: १७२, १५० किंवा चेरोकी. रस्त्यावर जास्त दिसणारी गाडी घ्यावी तसं. जी कंपनी बंद पडली आणि जिचे कागद कुणी विकत घेतले नाहीत त्या विमानाच्या वाटेला जाऊ नका, मग ते कितीही देखणं असो. एर्कूप त्याला अपवाद, कंपनी कधीच गेली पण कोलोरॅडोतल्या युनिव्हेअरकडे त्याचे हक्क आहेत आणि पार्ट अजून मिळतात. १७२ घेताना १९७७ ते ८० मधलं १७२ एन असेल तर इंजिनाचं मॉडेल वाचा, ओ-३२०-एच२एडी असेल तर त्याचा कॅमशाफ्ट झिजण्याचा इतिहास आणि दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात असलेली ती जोडी, दोन्ही खर्चिक. घेऊ नका असं म्हणत नाही, भाव करताना हे आठवा. आणि लॉगबुकं पूर्ण नसतील तर भावच करू नका.

प्रश्न: सर, मी बारामतीला फ्लाइंग शिकतेय. पुढे कधी भारतात स्वतःचं छोटं विमान घ्यायचं स्वप्न आहे. तिकडचे हे स्वस्त पार्टचे मार्ग इथे चालतील का?
– एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर: सगळे नाही. तुझं विमान व्हीटी नंबरचं, म्हणजे भारतात रजिस्टर असलेलं असेल, त्याला डीजीसीएचे (भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम, त्यामुळे वर लिहिलेला मालकाने पार्ट बनवायचा अमेरिकन नियम तुला लागू नाही आणि मालकाने स्वतः करायच्या कामांची ती यादीही नाही. पार्ट बाहेरून मागवताना ८१३०-३ किंवा त्याच्यासारखाच युरोपचा फॉर्म वन सोबत पाहिजेच, म्हणजे बिनटॅगच्या सॅल्व्हेजचा विचार सोडून दे. पीएमए पार्टबद्दल ज्या संस्थेकडे मेंटेनन्स असेल तिला आधी विचार. एक गोष्ट मात्र सोपी झालीय, १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्टांच्या आयातीवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे, आधी वेगवेगळ्या पार्टांना वेगवेगळे दर होते आणि कस्टमला कुठल्या खान्यात काय बसतंय यावरच वेळ जायचा.

कांदिवलीच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं आणि २०१७ मधे डीजीसीएकडून त्याचं रजिस्ट्रेशन मिळवलं, ते तू वाचलं असशील. तो स्वतः बनवलेल्या विमानाचा रस्ता वेगळा, आणि कागदांचा पाठपुरावा किती वर्षं चालला तेही वाच.

तू सर्टिफाइडच घे, आणि तुझ्या फ्लाइंग स्कूलकडे जे मॉडेल आहे तेच घे, त्यांचा इंजिनिअर, त्यांची टूल आणि त्यांचा पार्टचा स्टॉक तुला जवळ पडेल. अमेरिकेतून एक्सचेंज पार्ट मागवताना घाई करू नको. कोर ठरावीक मुदतीत परत पोचवावा लागतो, त्याचा निर्यातीचा कागद, दोन्ही बाजूंचं भाडं, आणि मुदत टळली की डिपॉझिट जातं, तेव्हा एक्सचेंजचा भाव आणि सरळ विकतचा भाव दोन्ही मागव आणि मगच ठरव.